गोणीतल्या बाळंतिणी आणि मस्तगडचे घर

मी, अण्णासाहेब किसन हिवाळे, वय ७२, मूळ गाव टेंभुर्णी, हल्ली राहणार मस्तगड, जालना, प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. गुडघे सोडले तर सर्व अवयव ताब्यात आहेत. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून रद्द करण्यासारखे काही नाही.

१. मस्तगडचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. माझ्या पश्चात ते पत्नी बेबीनंदा हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. चिरंजीव सूरज पुण्यात फ्लॅट घेण्यासाठी हे घर विकण्याचा विषय जेवताना काढतो. पुढे काढायचा झाल्यास आईसमोर काढावा, आणि त्याआधी पुढील कलम वाचावे.

२. पीएच.डी.साठी मी आभासी विंचवाचे प्रजनन हा विषय घेतला होता. हा जीव तिळाएवढा, झाडाच्या सुटलेल्या सालीखाली राहणारा. पुढे खेकड्यासारखे चिमटे, मागे नांगी मात्र नाही. विंचवीण पिल्ले पाठीवर वागवते, कोळीण अंडी रेशमात गुंडाळते. ही मादी अंड्यांची पिशवी पोटाखाली चिकटवून हिंडते आणि अंडाशयातला पोषक रस तिच्यात सोडते. गर्भ तो पितात. ते पिताना मला डोळ्यांनी पाहायचे होते.

लग्नाच्या वर्षी टेंभुर्णीच्या घरात बरण्यांमध्ये अशा माद्या सांभाळल्या होत्या. मी औरंगाबादला गेलो असता थोरल्या वहिनी पुष्पाबाई यांनी "घरात इच्चू पोसून राह्यले" म्हणत सगळ्या बरण्यांत उकळते पाणी ओतले. वर्षाची मेहनत गेली. मी संशोधन सोडून मास्तरकी धरायचे ठरवले व तसे घरात जाहीरही केले.

बेबीनंदा दुसऱ्या दिवशी सकाळी उठून माहेरी, धावड्याला गेली आणि तिथल्या बाभळींची सुटलेली साल गोणीत भरून एसटीने परत निघाली. कंडक्टर शिवाजी याने विचारले, "बाई, गोणीत काय हाये?"

"बाळंतिणी हायेत. टपावर टाकू नका."

त्याने आत डोकावून पाहिले. साल तेवढी दिसली. तो म्हणाला, "मंग पुढच्या सीटवर ठेवा. मागं लई गचके बसतात."

ही हकिकत तिने नव्हे, शिवाजीनेच मला पुढे सांगितली.

त्या सालीखाली पिशवीवाल्या माद्या निघाल्या. एकीच्या पिशवीतले गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली फुगत चाललेले दिसले. मी बेबीनंदाला हाक मारली. तिने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाली, "पिऊन राह्यले की हो."

प्रबंध, नोकरी आणि हे घर त्या गोणीतून निघाले आहे. सबब घर तिचे.

३. पाणी उकळले ते पातेले वाटणीत माझ्याकडे आले. ते पुष्पाबाईंना परत द्यावे. राग शिल्लक आहे, पण थोडा. माझ्या दोन्ही मुलांना त्यांनी त्याच पातेल्यात पाणी तापवून न्हाऊ घातले, हेही नोंदवतो.

४. बँकेतील सर्व शिल्लक बेबीनंदास. सूक्ष्मदर्शक व काचपट्ट्या कन्या अक्षताला. ती इंजिनीअर झाली, तरी कोळी दिसला की झाडू उचलण्याआधी त्याची जात विचारते. स्कूटर सूरजला. त्याला ती नको आहे, हे मला माहीत आहे.

५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात करावा. मित्र देवानंद यांच्या हाती माईक देऊ नये.

६. हे कलम मी कोरे ठेवले होते. मसुदा वाचून दाखवल्यावर बेबीनंदा म्हणाली, "तुमीच आधी जाणार, हे कुणी ठरवलं?" कोरी जागा चालत नाही, असे वकील म्हणतात. म्हणून लिहितो: ती माझ्याआधी गेल्यास घर व शिल्लक दोन्ही मुलांनी समान वाटून घ्यावी. मला काही विचारायला येऊ नये.

वरील मजकूर वाचून, समजून खालील साक्षीदारांसमक्ष सही केली.

स्थळ: जालना
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४

(सही) अण्णासाहेब किसन हिवाळे

साक्षीदार:
१. (सही) देवानंद म्हस्के. कलम ५ वाचले. मान्य नाही, तरी सही करतो.
२. (सही) आदिनाथ बोर्डे