थाळीफेक्याचा टॉवेल

लिहून ठेवणार : प्रमोदिनी रेणुकादास नळेगावकर, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार लातूर.

कारणे लिहून ठेवते की, माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तरीही कुणाला शंका आली तर त्याने मला बाबिलोनच्या राजांची क्रमवारी विचारावी. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. चिरंजीव अनयने तो आणून पाहिला, उपयोग झाला नाही.

कलम १. घर.

राहते घर अनयचे. खालच्या मजल्यावर त्याचा मेडिकल प्रवेशपरीक्षेचा क्लास आहे. लातुरात आता ज्याच्या घराला जिना आहे त्याच्याकडे एक तर क्लास असतो, नाहीतर होस्टेल. अनय जीवशास्त्र उत्तम शिकवतो. फक्त प्रजननाचा धडा आला की घसा खाकरतो, "हा घरी वाचून या" म्हणतो आणि खडू ठेवून देतो. गावोगावी डॉक्टर पुरवणाऱ्या माणसाने शरीराचा नेमका मधला भाग गाळावा, हे मी वरच्या खोलीतून वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. घर देताना अट घालत नाही, टोमणा तेवढा मारते.

हा गुण वडिलांचा. कै. रेणुकादास तहसील कचेरीत होते. आंघोळीला सदरा घालून जात आणि सदरा घालूनच बाहेर येत. मध्ये काय घडे ते मला संसारभर नीट कळले नाही. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे आम्ही गल्लीत धावलो तेव्हा हे नुसत्या पंच्यावर होते. घर अजून हलत होते आणि हे परत आत गेले. मला वाटले, माझे दागिने आणायला. सदरा घालून, गुंड्या लावून बाहेर आले. "लोकं बघायलेत ना," म्हणाले. आतल्या खोलीची भिंत त्यांच्या मागोमाग बसली. त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही, कारण मी फार घाबरले होते. तो सदरा माझ्या पेटीत आहे. अनयने घ्यावा.

कलम २. थाळीफेक्या.

आमच्या शाळेचे चित्रकलेचे मास्तर ईश्वरप्पा, मूळचे उदगीरचे. माझ्या हट्टापायी त्यांनी पुस्तकातल्या फोटोवरून प्लास्टरचा ग्रीक थाळीफेक्या केला. अंगावर सूत नाही, कारण मूळ पुतळ्यावरही नाही. मुख्याध्यापक शेषेरावांनी तो पाहून चष्मा काढला.

"बाई, ह्ये काय हाय?"

"इतिहास आहे, सर."

"इतिहासाला चड्डी न्हाई का?"

मी सांगितले की ग्रीक तरुण कसरत उघड्यानेच करत आणि अंग झाकणाऱ्या शेजाऱ्यांना रानटी म्हणत. शेजारी त्यांना निर्लज्ज म्हणत. सुमेरचे पुरोहित देवापुढे उघडे उभे असलेले कोरले आहेत. इजिप्तच्या चित्रांत पोरं उघडीच हिंडतात. आपल्या तेरला लज्जागौरी सापडल्या, मुखाच्या जागी कमळ आणि अंगावर दागिने तेवढे. ग्रीकांचेही फार कौतुक नको, हेही मी म्हणाले; पुरुष उघडे हिंडले आणि बायका घरात झाकून ठेवल्या. शेषेरावांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि शिपायाला टॉवेल आणायला पाठवले.

टॉवेल निघाला लाल, आणि शिपायाने तो बांधला लंगोटासारखा. पुढच्याच शनिवारी कुणीतरी तेल वाहिले. हातातली थाळी म्हणजे द्रोणागिरी, असे ठरले. मग रुईची माळ आली. शेपटाबद्दल मी विचारले तर एक पालक म्हणाले, "भिंतीच्या अंगानं हाय, बाई." आत वर्गात मी ग्रीस शिकवत होते आणि बाहेर ग्रीसपुढे नारळ फुटत होते. ईश्वरप्पा लिंगायत माणूस, पण शनिवारी तेही हात जोडू लागले. म्हणाले, "आपणच केलाय म्हणून काय झालं?"

भूकंपात शाळेची जुनी इमारत तडकली, पाडायची ठरली. पुतळ्याचा टवकाही उडाला नव्हता, त्यामुळे त्याचा भाव आणखी वाढला. मी तो हातगाडीवर घालून घरी आणला. आता तो क्लासच्या दारात आहे. परीक्षेला निघालेली मुले पाया पडतात, त्याने त्याची पावले गुळगुळीत झाली आहेत. अनयने वर क्लासचा टी-शर्ट चढवला आहे, छातीवर फोन नंबरसह. पुतळा नात उर्वीला द्यावा. टी-शर्ट अनयला.

कलम ३. देह.

हे कलम सावकाश वाचावे.

भूकंपानंतर आम्ही शिक्षिका किल्लारीच्या बाजूला मदतीला गेलो होतो. शहरांतून कपड्यांचे ढीग आले होते, त्यांत कोट आणि टायसुद्धा. आम्ही साड्या बांधून बायकांसाठी आंघोळीचा आडोसा केला. चतुराबाई नावाची एक म्हातारी आडोशात गेलीच नाही. पत्र्याच्या शेडांसमोर, भर उन्हात, सगळे उतरवून बादलीपाशी बसली. मी चादर घेऊन धावले. जगातल्या साऱ्या उघड्या पुतळ्यांची वकिली करणारी मी!

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "लाजायला बी आपली मान्सं लागतेत. माझी समदी मातीत हायती."

मी चादर खाली ठेवली आणि तिच्या पाठीवर पाणी घातले. मी रडले, ती नाही. माणूस कुणापासून आणि कुणासाठी अंग झाकतो, हे मला त्या पाठीने शिकवले. एवढी वर्षे मी शिकवत होते ती फक्त पुतळ्यांची गोष्ट.

म्हणून माझी इच्छा अशी की माझा देह लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. नांदेडला देऊ नये. उर्वी तिथे पहिल्या वर्षाला आहे, आणि तिच्या टेबलावर मी गेले तर ती मलाच प्रश्न विचारत बसेल.

वैजनाथ वकील म्हणतात, मृत्युपत्रात कितीही लिहिले तरी वारसाच्या सहीशिवाय देह घेत नाहीत. म्हणजे सगळे अनयवर अडले आहे. त्याला संमतीपत्राचा कागद दाखवला तेव्हा त्याने तो दोनदा वाचला. मग म्हणाला, "आई, परकी पोरं बघतील तुला."

"परकी कशी? तूच पाठवतोस ती."

"अंगावरचं कापड कोण काढंल?" लहानपणी रडायच्या आधी त्याचा आवाज असाच व्हायचा.

"हात धुऊन येईल तो," मी म्हणाले. "तुझा विद्यार्थी असला तर बरंच. तू गाळलेला धडा मी शिकवीन."

तो उठून खाली गेला. अनय, तुला माझी लाज वाटते ती तुझं माझ्यावर प्रेम आहे म्हणून, हे मला कळते. सही केली नाहीस तरी घर तुझेच. मी हुकूम करीत नाही, मागते आहे.

मुलांना एवढा निरोप द्यावा : पहिल्या दिवशी हसू आले तर हसा, बाई रागावणार नाहीत. नंतर मात्र लक्ष द्या.

कलम ४. पुस्तके शाळेला. इरकली साड्या शेजारच्या सुमनबाईंना, त्यांचा डोळा आहेच.

लिहून ठेवणार : प्रमोदिनी रेणुकादास नळेगावकर
साक्षीदार : ईश्वरप्पा शिवप्पा हलगे, निवृत्त चित्रकला शिक्षक
साक्षीदार : वैजनाथ दगडोबा मोरे, वकील
ठिकाण : लातूर. तारीख : ११ जून २०१८

पुरवणी, दुसऱ्या दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर : अनयने काल रात्री संमतीपत्रावर सही करून कागद माझ्या उशाशी ठेवला. आज सकाळी खाली वर्गात तो घसा खाकरताना ऐकू आला, आणि नंतर खडूचा आवाज आला, बराच वेळ. थाळीफेक्याचा टी-शर्ट उतरवून, घडी घालून पायरीवर ठेवलेला आहे. टॉवेल अजून आहे. तो राहू द्यावा, घाई नाही.

प्र. रे. नळेगावकर