ज्याचं रक्त त्यालाच

४ जून
लागली बाई एकदाची नोकरी! हृदयाच्या ऑपरेशन थिएटरला लागूनच माझी खोली, खिडकीत ऊन, रक्त वेगळं करायचं मशीन नवंकोरं. ऑपरेशनआधी पेशंटचं थोडं रक्त काढायचं, फिरवून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट्स वेगळ्या पिशव्यांत भरायच्या आणि हृदय पुन्हा धडधडू लागलं की ज्याचं त्याला परत. परक्या रक्ताची भानगडच नाही. मोठ्या सिस्टर प्रेमळ आहेत. माझा रक्तगट कुणालाही चालतो, हे ऐकून फारच खूश झाल्या.

६ जून
नोकरीची तपासणी म्हणून सिस्टरांनी माझं रक्त घेतलं, वर चहा पाजला. खुर्चीतच डोळा लागला. उठले तर दोन्ही हातांवर कापूस चिकटवलेला. तपासणीला दोन हात?

१० जून
आज एक निवृत्त मास्तर होते, अगदी काडीपैलवान. रक्त जेमतेम निघालं. परत चढवताना मात्र लाल पेशींची पिशवी टम्म! विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "अगं, धुतल्यावर फुगतं ते." या कामात माझी उमेदवारी सरली. काही फुगत नाही. पण आल्या आल्या तोंड कशाला वाजवावं?

१३ जून
मास्तर शुद्धीवर आले. मी उशी सारखी करत होते. डोळे उघडून म्हणाले, "ठमे, आईला फोन केलास?"
मला 'ठमी' अशी हाक फक्त माझी आईच मारते. इथे कुणाला ठाऊक नाही.

१७ जून
आज पेशंटच्या लाल पेशींच्या पिशवीवर, कोपऱ्यात, गुपचूप पेनाने फुली मारली. त्याला परत चढवली त्या पिशवीवर फुली नव्हती. सिस्टर माझ्याकडेच बघत होत्या. त्या रोज देतात तो चहा मी मोरीत ओतते. तरी सकाळी उठते तेव्हा हातावर नवा कापूस —

२० जून
जिना चढवत नाही. वॉर्डातले ऑपरेशन झालेले तिघं मला बघून एकदम हसले. माझंच हसू. ओठ डावीकडे ओढून.

२३ जून
मास्तर घरी गेले म्हणे. कुणाच्या घरी?

२४ जून
आईला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी पुरुष हसत होता. आई खुशीत. म्हणाली, लेक घरी आलीय, तिला जेवायला वाढतेय. मी ओरडले, "आई, बाहेर पड! मी बोलतेय, मी!"
आई थांबली. मग परक्याशी बोलावं तसं म्हणाली, "आपण कोण?"
मी नाव सांगायला गेले, तर नाव —