परळी न्हवं, पलाली

॥ श्री ॥

उमापूर,
ता. ३ जून २०२४

चि. सुग्रीवास,
चतुराबाईचे अ. उ. आ.

इकडं समदं ठीक हाय. तिकडचं ठीक असंल तर कळीव, नसंल तर आधी कळीव. मोबाइल लावू नको. माझ्या कानात शिट्टी वाजती आन तू काय म्हणतोस ते शेजारणीला कळतं, मला न्हाई. मी तिसरीपस्तोर शिकलेली बाई पत्र लिवते, मंग सतरा वर्षं फौजेत काढलेल्या गड्याला काय झालं?

तुझ्या वत्सलानं निरोप धाडला की महिना झाला तू पारावर गेला न्हाईस. दाढी वाढवून घरात बसून ऱ्हातोस म्हणं. कावून? आजारी असशील तर दवाखान्यात जा. रुसला असशील तर कुणावर ते लिव, मी येऊन बघते. आन लांबण लावू नको, चार ओळीत लिव.

म्हस याली का? ऋतुजाची परीक्षा कशी गेली? तिला म्हणावं, कालेजात जातीस तर आजाला जरा उठीव.

माया हाय तेवढी हायच, दाढी काढल्यावर थोडी वाढंल.
तुझी आक्का,
चतुराबाई


धर्मापुरी,
ता. १२ जून २०२४

ती. आक्काच्या पायाशी,
सुग्रीवचा सा. न. वि. वि.

चार ओळीत बसत न्हाई, रागावू नको.

शाळंपुढं दगड बसवायलेत. गावातल्या फौजी लोकांची नावं त्याच्यावर कोरायची हायती. वरच्या अंगाला मोठ्या अक्षरात देशाभाईर जाऊन लढलेल्यांची, खाली बाकीच्यांची. वर एकच नाव यायचं होतं, माझं. शाळंनं फौजेतून सुटतानाचं डिस्चार्ज बुक मागितलं. मी बी छाती फुगवून दिलं. आजवर ते इंग्रजी पुस्तक नीट कुणी वाचलं होतं?

आप्पाराव, आपला जुना सरपंच, दगडाच्या कमिटीवर हाय. त्यानं ते मास्तराकडून पारावर वाचून घेतलं, वीस-पंचवीस माणसांपुढं. अठ्ठ्याऐंशी सालापसून चौदा महिने आपल्या फौजेसंगं मी लंकेत होतो, त्या जागी परदेश म्हणून एक अक्षर न्हाई. चौदा महिने देशातच होतो म्हणं. आप्पाराव म्हणला, सुग्रीव लंकेला गेलाच न्हाई, रामायण उगंच लिवलं. लोक पोट धरून हसले. माझा नारळाच्या झाडाखालचा फोटो दावला तर म्हणला हे कोकण हाय. खांद्यावरचा वण दावला तर म्हणला सायकलवरून पडला असंल.

ऋतुजा तिथंच उभी होती. घरी आल्यावर तिनं मला काहीच इचारलं न्हाई. इचारलं असतं तर बरं झालं असतं.

आक्का, केजचा अंगद माझ्या शेजारच्या खंदकात गेला. शेवटचं पाणी त्याला मी पाजलं. आता कागद म्हणतो मी तिथं न्हवतोच. मंग पाणी कुणी पाजलं?

सव्वीस जानेवारीला दगड उभा ऱ्हाणार. एकदा कोरलं की पुसता येत न्हाई.

म्हशीला रेडी झाली. तुझी नजर हाय तशीच माझ्यावर ऱ्हावी.
तुझा,
सुग्रीव


उमापूर,
ता. १९ जून २०२४

चि. सुग्रीवास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एवढ्याशा गोष्टीसाठी दाढी? आधी न्हाव्याकडं जा.

त्या आप्पारावाच्या चड्डीची नाडी मी बांधलीया. चिंचंवर चढला, उतरता येईना, तवा मलाच हाका मारल्या. त्याच्या हसण्यावर तू घरात कोंडून घेतोस? तुझं नाव आपल्या बापानं सुग्रीव ठिवलं तवाच तुझं लंकेचं तिकीट निघालं होतं.

आन ज्या कारकुनानं ते पुस्तक लिवलं त्याला काय म्हणावं? डोळे होते का बटाटे? माणूस दर्या वलांडून जातो, गोळी खातो, आन ह्याला दोन अक्षरं धड लिवता येत न्हाईत. असल्या माणसाच्या हातात टाक देऊच नये. समोर आला तर कान पिळीन.

आता रडगाणं बंद. बीडला सैनिकांच्या हापिसात जा, अर्ज कर, पावती घे. हापिसात जाताना पदकं लावून जाऊ नको, नाटकवाला वाटशील. धुतलेला सदरा बास हाय. रेकॉर्ड हापिसाला इचार की चुकलं कुठं. चूक सापडली की दुरुस्ती व्हतीच.

कपिलधारला नारळ कबूल केला हाय. आधी अर्ज, मंग नारळ.
तुझ्यावर इश्वास हाय, तो कागद बघून ठिवलेला न्हाई.
चतुराबाई


धर्मापुरी,
ता. २७ ऑगस्ट २०२४

ती. आक्का,
सा. न. वि. वि.

दाढी काढली. अर्ज केला. काल रेकॉर्ड हापिसाचं उत्तर आलं. ऋतुजानं मराठीत करून सांगितलं. ऐक, आन बसून ऐक.

लंकेत आमची पलटण होती त्या जागेचं नाव पलाली. विमानतळ हाय तिथं. आमच्या पलटणीच्या कारकुनानं कच्च्या वहीत घाईघाईत पलाली लिवलं. पुढं पक्की नोंदवही भरणाऱ्यानं ते वाचलं परळी, आन डिस्चार्ज बुकात नुसतं देशात असं उतरलं! माझ्या घरच्या पत्त्यातबी तालुका परळीच, मंग त्याला शंकाच आली न्हाई. म्हणून मी चौदा महिने मुक्काम परळी, जिल्हा बीड. परळीला फौजेची कोणती छावणी होती, असं मी आजच बीडच्या हापिसात इचारलं, तर म्हणतात नोंद हाय ती हाय. कच्ची वही वाळवीनं खाल्ली. आता त्या दिवसांत मी परळीत न्हवतो असा त्याच काळातला सरकारी शिक्क्याचा कागद आणा, मंग बघू. आजचं प्रतिज्ञापत्र चालत न्हाई.

छत्तीस वर्षांपूर्वीचा शिक्का मी कुठून आणू? वत्सलाला लिवलेली पत्रं घर गळलं तवा भिजून गेली. पारावर आता मला परळीकर म्हणायलेत. सोयरे भेटले तर इचारतात, लंकेला यष्टी किती वाजता सुटती.

राखी पोचली, बांधली. राखीवरून आठवलं. एवढ्या वर्षांत तुझी राखी चुकली ती एकदाच, त्याच लंकेच्या साली. समद्या पोरांच्या मनगटाला दोरे, माझं रिकामं. अंगदनं त्याच्या बहिणीची निम्मी राखी तोडून मला बांधली होती. तू कावून पाठवली न्हाईस ते आजवर सांगितलं न्हाईस.

जाऊ दे, गंमत केली. लोभ ठिव, बाकी काय ऱ्हायलंय.
सुग्रीव


उमापूर,
ता. २ सप्टेंबर २०२४

चि. सुग्रीवास,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडं कापसाला बोंडं बरी हायती. माझा गुडघा दुखायलाय. शेजारणीच्या नातवाचं बारसं झालं, जेवण खारट होतं.

राखीचं जुनं उकरू नको. आन त्या कारकुनाला आता लई शिव्या देऊ नको. माणूस हाय, चुकतो.

चतुराबाई


उमापूर,
ता. ९ सप्टेंबर २०२४
(रजिस्टर)

चि. सुग्रीवास,
अ. उ. आ.

परवाचं पत्र फाडून टाक. आठ दिवस झोप लागंना, म्हणून आता लिवते. एकदाच लिवते, परत इचारू नको.

लंकेच्या साली तू मला पत्र लिवलं होतं. तुझं अक्षर म्हणजे मुंगळे शाईत बुडवून सोडल्यावानी. त्यात तू लिवलंस पलालीला हाय, बरा हाय. मी वाचलं परळीला हाय. झालं. मला वाटलं, भाऊ रजेवर परळीला येतो, उमापूर काय काशीला हाय? भैणीचं तोंड बघवत न्हाई व्हय? रागानं पत्र चुलीत घातलं. पण पुनव आलेली. राखी न्हाई पाठवली तर आईला काय वाटंल, म्हणून लिफाफ्यात घातली आन धर्मापुरीच्या पत्त्यावर टाकली. चिठ्ठी मुद्दाम घातली न्हाई, राग दिसावा म्हणून.

धा दिवसांनी लिफाफा परत. तुमच्या गावच्या पोस्टमननं, त्रिंबकनं, त्याच्यावर लिवलेलं हाय. वाचलं आन मला भुई फाटावी असं झालं. तू गोळ्या झेलत होतास आन मी तुझ्यावर रुसून बसलेली. पुनव उलटून गेलती. आता कोणत्या तोंडानं पाठवू, असं म्हणून पेटीत तळाला टाकला. तू दर साली इचारायचास, मी दर साली म्हशीचं बोलायची.

तो लिफाफा ह्याच्यात हाय. उघडलेला न्हाई. वाच काय लिवलंय ते: मालक फौजेत, लंकेला लढाईवर गेलेले आहेत, घरी नाहीत असे पत्नी सांगते, सबब परत. खाली सही. धर्मापुरीच्या पोस्टाचा शिक्का, २६ ऑगस्ट १९८८. मागं उमापूरचा शिक्का, २ सप्टेंबर. सरकारी शिक्का पायजे म्हणतात ना त्यांना? घ्या म्हणावं, एक न्हाई, दोन.

कारकुनाचा कान पिळीन म्हणलं होतं. आधी माझाच पिळला पायजे. त्यानं बी तेच वाचलं जे मी वाचलं.

त्रिंबक जिता असंल तर त्याला गाठ. आन ही गोष्ट पारावर सांगायची असंल तर सांग. माझी अक्कल गेली तरी चालंल, तुझी लंका जाऊ नये.

राग धरणार असशील तर येत्या राखीपस्तोर धर, पुढं न्हाई.
तुझी आक्का


धर्मापुरी,
ता. २८ जानेवारी २०२५

ती. आक्काच्या दोन्ही पायांशी,
सुग्रीवचा कडक सलाम आन सा. न. वि. वि.

जितलो! आक्का, जितलो!

चार महिने मुद्दाम लिवलं न्हाई. हातात कागद आल्याबिगर तुला लिवायचं न्हाई असं ठरवलं होतं.

त्रिंबक जिता हाय. पंच्याऐंशीचा झाला, पण डोळा पोस्टमनचाच. लिफाफा हातात घेतला आन म्हणला, हे माझं अक्षर, शाईबी माझीच, सरकारी शाई लई पातळ यायची. त्यानं लिवून दिलं. लिफाफा रजिस्टरनं रेकॉर्ड हापिसाला गेला. आन चोवीस तारखंला, दगड उभा ऱ्हायच्या दोन दिवस आधी, उत्तर आलं.

ते मी घरात वाचलं न्हाई. तसंच पारावर नेलं, आन वाचायला ऋतुजाला दिलं. आधी इंग्रजीत वाचलं, मंग मराठीत. परळी ही नोंद चुकीची, ती रद्द. त्या जागी पलाली, श्रीलंका, परदेश सेवा, महिने चौदा. पोरीचा आवाज पार शाळंपस्तोर गेला. पलाली म्हणताना तिनं आप्पारावाकडं बघून एकेक अक्षर सुटं केलं. आप्पाराव म्हणला, त्याला पहिल्यापसून ठावं होतं. तवा त्रिंबक काठी आपटून म्हणला, ठावं होतं तर दात कावून काढलेस? ह्या बारीला लोक हसले ते माझ्यावर न्हाई.

वाटंत ऋतुजानं मला इचारलं, अंगद कसा दिसायचा. आठ महिन्यांत पहिल्यांदा इचारलं. घरापस्तोर सांगत आलो. शेवटचं पाणी मीच पाजलं, आता सरकारबी तसंच म्हणतं.

परवा दगड उभा ऱ्हायला. वर माझं नाव, म्होरं पलाली. कोरणाऱ्याच्या डोक्याशी मी सकाळपसून उभा होतो, पयल्या ल नंतरचा काना तपासूनच उठू दिला. वत्सलाकडून निरोप धाडून तुला बोलावलं तर तू हारतुऱ्याला येत न्हाई म्हणून कळवलंस. नको येऊ. हार आप्पारावानंच घातला, तू असतीस तर त्याला घालता आला नसता.

तुझी गोष्ट पारावर सांगितली न्हाई. वत्सलाला तेवढं इचारलं. तर तिला समदं ठावं होतं! तिनंच त्रिंबकला सांगितलं होतं, वन्सं चुकल्यात, परत पाठवा, म्हंजे फौजेच्या पत्त्यावर धाडतील. छत्तीस वर्षं तिनं तुझी लाज झाकली आन मला कळू दिलं न्हाई. तुम्ही दोघी बाया फौजेत पायजे होत्यात.

आता राग. आला होता, खोटं बोलत न्हाई. एक रात पुरला. मंग वाटलं, तू शानी असतीस, पलालीला पलालीच वाचलं असतंस, तर राखी मला मिळाली असती, दोरा झिजून गेला असता, आन आज माझ्याकडं कागद नसता. तुझ्या चुकीनं कारकुनाची चूक खोडली.

लिफाफा त्यांनी फायलीत ठिवला. राखी परत मागितली, ती आली. गोंडा पिवळा पडलाय, पण दोरा मजबूत हाय. मी बांधून घेतली न्हाई. ऋतुजा बांधते म्हणली, तिला बी न्हाई दिली. जिची तिनं बांधायची.

मनगट रिकामं हाय तवर लोभ पुरा झाला असं मी धरत न्हाई.
तुझा,
सुग्रीव, पलालीकर


उमापूर,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. सुग्रीवास,
चतुराबाईचे अ. उ. आ.

पत्र लई लांब झालं, पण वाचलं. शेजारणीलाबी वाचून दावलं. तिला मोबाइलवर ऐकू येतं म्हणून लई मिजास होती.

कपिलधारला नारळ फोडला. वत्सलाला सांग, तिच्यासाठी इरकल घेतलंय, झाकलेल्या लाजंचं म्हणून न्हाई, सहज. त्रिंबकला तंबाखूची पुडी आणते. आप्पारावाला काही आणत न्हाई, त्याला भेटून जाईन तेवढं बास.

राखी तशीच ठिव. धुऊ नको, वत्सलाला बी धुऊ देऊ नको. गोंडा पिवळा तर पिवळा.

येत्या सोमवारी सकाळच्या यष्टीनं निघते, दुपारी पोचते. गुडघा दुखतो म्हणून पिशवी घ्यायला तू सोता स्टँडवर ये. परळीच्या स्टँडवर. परळीच लिवलंय. नीट वाच.

तुझी आक्का,
चतुराबाई