आष्टीच्या सोयरिकीतला लाकडी कर्णा

मुक्काम बीड

दाजींच्या पायाशी धाकट्या मेव्हण्याचा, चन्नप्पाचा, शरणार्थ. तुमचा दमा कसा हाय? अक्काचे गुडघे? (दुखणं असलं तरी कुणाला सांगू नका, घरात सोयरीक जमवायची हाय.)

तुमच्या सिदूसाठी आष्टीच्या नागप्पा व्यापाऱ्याची गंगासागर बघायला मी आन् महानंदा गेलतो. पोरगी लई गुणाची. नाक... नाकही असंल चांगलं. खरं सांगू का, बैठकीतनंच माझी नजर माजघरात गेली आन् तिथं तबकड्या वाजवायच्या फोनोचा लाकडी कर्णा! पत्र्याचे कर्णे माझ्याकडं ढिगानं हायेत (महानंदा त्यांत कांदे भरती, करंटी). पितळेच्यांच्या तांबटांनी घागरी केल्या. कर्णा पोटातच असलेल्या नव्या पेट्या आल्यापासून जुन्याला कुणी पुसंना. त्यात लाकडी म्हंजी उभ्या मोगलाईत डोळ्याला पडायचा न्हाई. आन् ही माणसं त्यातनं कणगीत ज्वारी ओतीत व्हती, ज्वारी!

पोरीला नावगाव विचारायचं सोडून मी आत पळालो. लाकूड अखंड हाय का जोडाचं, ते बघायला कर्ण्यात डोकं घातलं. जोडाचं हाय. पण डोकं निघंना. नागप्पानं माझे पाय ओढले, महानंदानं कर्णा सांभाळला (नवरा सोडून! ह्याचा मला अजून राग हाय). शेवटी गंगासागरनंच कर्ण्याच्या बारक्या तोंडातनं करडीचं तेल सोडलं, तवा बाटलीच्या बुचावानी मी निघालो. पोरगी हुशार हाय ह्यात आता शक न्हाई. सुपारी फोडून टाका. बाकीचं कपिलधारच्या जत्रेत भेटल्यावर बोलू.

ता. क. नागप्पा कर्णा कुणाला देत न्हाई. पण लग्नात जेवणाच्या ताटावर जावई रुसला तर मागंल ते देईन म्हणतो. सिदूला सायकल मागू देऊ नका. घास तोंडाजवळ न्यायचा, थांबायचं, आन् कर्ण्याकडं बघून उसासा टाकायचा. आत्तापासून सराव करून घ्या.

आणखी ता. क. महानंदा पाठीमागं उभी राहून वाचती हाय. म्हणती, कावून लपवता, सगळं लिव्हा. तर लिव्हतो. सिदूला रुसायची गरज न्हाई. कर्णा गंगासागरच्या आजाचा, त्यो ती आपणहून सासरी आणणार हाय. तिची अट एकच: मामेसासऱ्यानं त्या घराच्या उंबऱ्याआत पाऊल टाकायचं न्हाई.

लई लागलं बघा, दाजी. सिदूला मी खांद्यावर खेळवलाय. तरी सोयरीक मोडू नका. कर्णा तेवढा रस्त्याकडच्या खिडकीत ठिवा.