बाबा खंय असतले

४ नोव्हेंबर, चोपडे
आई दोन घास पेज जेवली. डॉक्टरांनी आता फक्त दुखण्यावरचं औषध ठेवलंय. दुपारी शेजारची लुसीबाय प्रार्थनेला आली. जाताना म्हणाली, "पास्टर आयतारा येतलो. बाप्तिस्मो हांगाच, खाटीर." आईचा चेहरा किती दिवसांनी सैल झाला. ती गेल्यावर दादा म्हणाला, "आवस ख्रिस्तांव जाली की खांदो कोण देतलो? तुझी लुसीबाय?"

६ नोव्हें.
आईला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवतो. नववीत शाळा सुटली, पण वाचन स्वच्छ आहे. 'तारण', म्हणजे उद्धार, या शब्दापाशी अडलो. प्रेषितांच्या पत्रांत कुठे ते झालेलं आहे, कुठे होत आहे, कुठे शेवटी होणार. आई म्हणाली, "तें ऱ्हवं दी. तुझो बापूस खंय असतलो, तें सोद."
बाबा होडीसकट नदीत गेले. तेव्हा येशूचं नाव घरात कुणी घेत नव्हतं.

७ नोव्हें.
सापडलंसं वाटलं. शास्त्रातल्या एका गोष्टीत तुरुंगाचा रखवालदार विचारतो, तरायला मी काय करू? उत्तर असं की विश्वास ठेव, तू तरशील आणि तुझं घरही. आई उठून बसू बघत होती. "घर म्हळ्यार तेय?" ते म्हणजे बाबा.
पुढे वाचलं. घरातल्या सगळ्यांना वचन ऐकवलं, सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे जिवंत होते त्यांचा. तसंच सांगितलं. नाही लिहिलेलं ते कसं सांगू?
ती भिंतीकडे वळली.

८ नोव्हें.
लुसीबायला विचारलं. "देव जाणा, पुता." खोटं बोलली नाही. आईला तेवढं पुरलं नाही. "पास्टराक येवं नाका म्हण. माका एकटीक तरांक नाका. तेंच्या वांगडाच वतलंय." बाबा जिथे असतील तिथे, त्यांच्याचबरोबर.

१० नोव्हें.
गेली. तुळशीचं पाणी दादाने घातलं. तिने तोंड उघडलं. खांद्याला अख्खा वाडा.

१६ नोव्हें.
उरलेलं शास्त्र वाचतोय. शेवटाकडे एक लहानसं पत्र. तिथवर मी पोचलोच नव्हतो. ख्रिस्त मेल्यावर कैदेतल्या आत्म्यांकडे गेला आणि त्यांना घोषणा केली. ते आत्मे कुठले, तर जलप्रलयाच्या काळी न ऐकणारे. म्हणजे पाण्यात गेलेले. पुढच्या पानावर पुन्हा, मेलेल्यांनाही शुभवर्तमान सांगितलं होतं.
लुसीबाय म्हणते, या ओळींचा अर्थ मोठमोठ्यांनाही ठरवता आलेला नाही. असेना. पण लिहिलेलं आहे. आणखी चार पानं उलटली असती तर...

१९ नोव्हें.
दहावा. नदीकाठी पिंड. कावळा माडावर, खाली येईना. दादा हात जोडून, "तुळशीक रोज पाणी घालतलंव." नाही. माझ्याकडे बघून, "धाकट्याचा लगीन करतलंव." नाही. मागून कुणीतरी, "ता आयकान तो उडान जायत रे!" कुणी हसलं नाही.
भटजी म्हणाले, "कोणाकडे तिचें कितें उरलां जाल्यार सांगात." मी पुटपुटलो, "आई, फुडें लिहिलेलां आसा. मी वाचूंक नाय."
भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. दादाने त्यांचा हात धरला. "मातसे थांबात. रे, मोठ्यान सांग. तिका आयकूंक येवंदी."
सगळ्यांसमोर? येशूचं?
पत्र आठवून सुरू केलं. शब्द चुकू नये म्हणून हळू. डोळे मिटून. संपल्यावरही पिंडाकडे पाहिलंच नाही. काय झालं ते दादाला अजून विचारलेलं नाही.