गप्प राणीची मालिका

आई, परवा दादाशी माझं कडाक्याचं भांडण झालं आणि मला त्याचं तसूभरही वाईट वाटत नाही. विषय ऐकलास तर कपाळावर हात मारून घेशील. आमच्या लहानपणीची रविवार सकाळची ती मालिका, बारा वर्षं गप्प राहणाऱ्या राणीची, आणि पुढं दहा-बारा वर्षांनी तिचंच जे कार्टून निघालं ते, या दोन्हींत चांगलं कुठलं, यावरून. राजारामपुरीत दादाच्याच घरी, जेवणं झालेली, वहिनी बडीशेप फिरवतायत, दादाचे दोन मित्र पाय पसरून बसलेले, आणि दादा नेहमीच्या ठसक्यात म्हणाला, "जुन्या मालिकेचा नादच करायचा न्हाई. त्या कार्टूनवाल्यांनी वाटोळं केलं राव सगळ्याचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हणाले, मला कार्टूनच आवडलं होतं. रविवारी मटणाऐवजी पडवळ केलंय असं सांगितल्यावर बघावं, तसे सगळे माझ्याकडं बघायला लागले.

जुन्या मालिकेची बाजू तुला नीट सांगते, नाहीतर म्हणशील, पोरगी एकांगी बोलते. मांत्रिक राजाचा दगड करून टाकतो, आणि त्याला सोडवायचं तर राणीनं बारा वर्षं तोंडातून शब्द काढायचा नाही. दुसऱ्याच भागात राणी हे व्रत घेते आणि त्यानंतर वर्षभर, दर रविवारी, ती पडद्यावर असते पण बोलत नाही. जंगलात जाते, नदी पोहून जाते, गुहेतल्या राक्षसाशी लढते, सगळं मुक्यानं. ती नटी डोळ्यांनी बोलायची, हे दादाचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की आमच्या अर्ध्या गल्लीच्या डोळ्यांत यायचं. दगड झालेला राजा श्वास घेताना स्पष्ट दिसायचा, पण आम्हाला त्याचं काही नव्हतं. कार्टून त्या मानानं अगदीच बेतास बात. राणीचे डोळे आमटीच्या वाट्यांएवढे, घोड्याचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, आणि जंगल म्हणजे तीच तीन झाडं पुन्हापुन्हा मागं जायची. मधेच कुठलं तरी गाणं लागायचं. हे सगळं मी मान्य करते. पण त्यांनी एक केलं. राणीला मनातला आवाज दिला. तोंड बंद, पण ती मनात काय म्हणते ते आपल्याला ऐकू येतं. दादाचा आणि त्याच्यासारख्या सगळ्यांचा राग आहे तो यावरच. म्हणे, मौनाची ताकद घालवली.

आता मी म्हणते, कुणासाठी घालवली? रविवारी सकाळी नऊच्या आधीच आपल्या पुढच्या खोलीत माणसं मावेनाशी व्हायची. गल्लीत रंगीत टीव्ही आपलाच. शेजारच्या काकू पोरांसकट, वरच्या मजल्यावरचे मास्तर, आबांचे कारखान्यातले दोस्त, उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. मी आणि दादा सगळ्यांत पुढं, पडद्याला नाक लावून. आणि तू भिंतीपलीकडं. मटणाचा मसाला तयार व्हायला पाहिजे, वीस-पंचवीस माणसांचा चहा पाहिजे, आणि मिक्सर लावला की पडद्यावर मुंग्या येतात म्हणून त्या तासाभरात मिक्सर बंद. त्यामुळं तू खोबरं, तीळ, चटणी सगळं पाट्यावर वाटतेस. वरवंट्याचा आवाज जरा वाढला की आबा बसल्या जागेवरून ओरडतात, "ए, हळू की! ऐकू येईना झालंय हितं!" मग तू वरवंटा धरून तशीच थांबतेस. मला तेव्हा वाटायचं तू दमलीस म्हणून थांबलीस. तू ऐकत होतीस. सगळी मालिका तू भिंतीतून ऐकलीस, वर्षभर, एकही रविवार न चुकता.

चुकला फक्त शेवटचा. त्या दिवशी कागलला मामाच्या मुलीचं लग्न होतं. तिथं तुझी हाताखाली गरज म्हणून आबांनी तुला पहाटेच्या गाडीनं पुढं पाठवलं, आणि आम्ही राणी तोंड उघडून राजाला हाक मारते ते डोळे भरून बघितलं, आणि मग निवांत दुपारच्या गाडीनं अक्षता टाकायला आलो. मांडवात तू हात पुसत विचारलंस, "सुटला काय रं राजा?" दादा म्हणाला, "सुटला." एवढ्यावर तुझी मालिका संपली.

कार्टून लागलं तेव्हा आबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तुझे गुडघे गेले होते. मी तोवर कागलला राहायला गेलेले, आठवड्यातून एकदा यायची. वहिनी शाळेवर, दादा दुकानात, आणि तू आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी टीव्हीसमोर, पाय स्टुलावर, शेजारी दादाची पोरगी. त्या दिवशी मी तुझ्या गुडघ्यांना तेल लावत होते. पडद्यावर ती वाटीएवढ्या डोळ्यांची बाई नदीकाठी उभी, आणि आवाज येतो की आता मागं फिरायचं नाही. तू विचारलंस, "ही कोण गं?"

"राणी हाय की आज्जी. मनात बोलतीया."

"राणी? ती तर कवाच मेलीया."

पोरगी खिदळायला लागली. "मेली न्हाई आज्जी. गप बसलीया फक्त."

तू पाय स्टुलावरून खाली घेतलेस. मला अजून दिसतंय, तू पुढं वाकून बघतेस, आणि एकेक विचारत जातेस. मग नदी कुणी पार केली? राणीनंच. राक्षसाला कुणी मारलं? राणीनंच की आज्जी. मालिकेत राणीबरोबर एक बडबड्या शिपाई असायचा, लोकांना हसवायला घातलेला, भित्रा आणि खादाड. भिंतीपलीकडं ऐकू यायचा तो त्याचाच आवाज. तू म्हणालीस, "आगं बया. आन् मी इतकी वर्सं त्या शिपायाचं कवतिक करत बसले." आणि हसलीस, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसलीस. त्यानंतर तू एकही भाग सोडला नाहीस. दुपारची औषधंसुद्धा त्या वेळेच्या पुढं-मागं घ्यायचीस. शेवटच्या भागात राणीनं हाक मारली तेव्हा मी मुद्दाम रजा काढून तुझ्याजवळ बसले होते. तू पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिलीस. पुढच्याच वर्षी तू गेलीस.

हे सगळं मी परवा बोलले. आवाज चढवून बोलले, दादाच्या मित्रांसमोर. म्हणाले, डोळ्यांनी बोलायची म्हणता, ते डोळे आईला कधी कुणी दाखवले? तुमचं ते मौन बघायला आधी पुढच्या खोलीत जागा लागत होती. त्यावर दादा काय म्हणाला माहीत आहे? शांतपणे म्हणाला, "आईला टीव्हीची आवडच नव्हती." आई, माझं डोकंच फिरलं. तुला काय आवडायचं हे आता हा ठरवणार, आणि नातवंडंही तेच ऐकून मोठी होणार, की आज्जीला बाई स्वयंपाकघरच आवडायचं. मी म्हणाले, त्या थोर मालिकेनं आईपासून तिची राणी लपवली, आणि त्या भिकार कार्टूननं ती परत दिली, त्यामुळं माझ्या लेखी कार्टूनच मोठं. आणि बडीशेप तशीच ठेवून निघून आले. मिळेल त्या एसटीनं कागल गाठलं. पुन्हा विषय निघाला तरी मी हेच बोलणार, एक शब्द कमी करणार नाही.

पण कागद पुढं घेऊन बसल्यावर एक गोष्ट आडवी येते. ती दादाला सांगितली नाही, कुणालाच नाही. ती सांगायलाच बहुतेक हे पत्र लिहायला घेतलं, आणि तुझ्यापर्यंत ते पोचणार नाही म्हणूनच लिहिता येतंय. मालिका सुरू होऊन तीन-चार रविवार झाले असतील. तू चहाचं ताट घेऊन माणसांच्या मधून वाट काढत पुढं आलीस, माझ्याजवळ वाकलीस आणि कुणाला त्रास नको म्हणून अगदी हळू विचारलंस, "राणीचा आवाज येईना झालाय गं. कुठं गेली?" पडद्यावर राणीच होती, दोरावरून दरी ओलांडत होती. तू ताटासकट माझ्या आणि टीव्हीच्या मधे आली होतीस. मान वळवली असतीस तर तुला दिसली असती, पण तुझं लक्ष कपांकडं. मी अकरा वर्षांची होते, मला सगळं कळत होतं. तुला सांगत बसले तर दरी निघून जाईल, एवढंच माझ्या मनात आलं. मी तुझ्याकडं न बघता म्हणाले, "मेली. सर की बाजूला."

आणि तू सरलीस.