वहीत न लिहिलेलं कासव

प्रिय दादा,

पत्र घरी न येता तुझ्या छापखान्यात आणि तेही माझ्या कामावरच्या गाडीवाल्या मामांच्या हातून आलेलं बघून तू आधी काय म्हणशील ते मला इथे बसून ऐकू येतंय: आता ही कुठे पळाली? कुठेही नाही. तीन महिने झाले, त्याच नोकरीत आहे. माझ्या मानाने हा विक्रमच.

तू ‘मेलेले मासे मोजायचं काम’ म्हणून हसलास, पण मासे आम्ही मोजत नाही. रोज सकाळी चार किलोमीटर किनारा चालायचा. पक्षी, कासव, कधी डॉल्फिन, जे पडलेलं दिसेल ते आमच्या प्राणी-बचाव केंद्राला कळवायचं. जिवंत असेल तर पाण्यात ढकलायचं नाही. फोन करायचा आणि माणसं येईपर्यंत कुत्री आणि बघे हाकलत बसायचं. मेलेलं असेल तर टेपने मोजायचं, वहीत लिहायचं आणि वर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढायचा, म्हणजे तेच मढं दुसऱ्या दिवशी कोणी पुन्हा मोजत नाही. शेजारचा किनारा ‘कप्तान’कडे आहे. हा कप्तान उभ्या जन्मात बोटीत बसलेला नाही, त्याला बोट लागते. मेलेल्या पक्ष्याशेजारी बसून खुशाल बिस्किटं खातो. पहिल्या आठवड्यात मी लांब जाऊन बसायचे, आता मीही त्यातलंच एक मागून घेते. माझे बूट त्याच्याच जुन्या जोडीतले आहेत, डावा जरा... जाऊ दे, बुटांचं पुन्हा कधीतरी.

गेल्या सोमवारी मला एक कासव दिसलं. जिवंत, परातीएवढं, कवचाच्या उजव्या कडेला बिस्किटाचा तुकडा मोडावा तशी खाच. मान टाकून पडलं होतं. फोन काढला, रेंज नव्हती. रेंजसाठी टेकाडावर चढायला हवं होतं, आणि ते माझ्याकडे बघत होतं. मला वाटलं, बिचाऱ्याला घरी जायचंय. उचललं, गुडघाभर पाण्यात नेलं, सोडलं. दोनदा पाय मारले आणि गेलं. मी इतकी खूश झाले की तशीच भिजून शीळ घालत परत आले. नियम मोडला होता, म्हणून वहीत लिहिलं: आज काही नाही.

गुरुवारी कप्तानने केंद्रात एक मेलेलं कासव आणलं. उजव्या कडेला खाच.

डॉक्टरबाईंनी ते उघडलं. फुप्फुसं सुजलेली. म्हणाल्या, हे स्वतःच किनाऱ्यावर आलं असणार, पाण्यात दमत होतं म्हणून. महिनाभर टाकीत ठेवलं असतं तर बहुतेक वाचलं असतं. मग विचारलं, आधी कोणाला दिसलं होतं का? मी बादली धूत राहिले. एकच बादली तीनदा धुतली. जेवणाच्या सुट्टीनंतर जाऊन सांगितलं. वाटलं, आता नोकरी गेली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि माझ्यापुढे कोरा फॉर्म सरकवला. सोमवारची तारीख घाल म्हणाल्या, आणि काय काय दिसलं ते सगळं लिही. तू काय केलंस तेही.

तो फॉर्म भरताना माझा हात मध्येच थांबला. बाईंनी विचारलं तेव्हा मी त्यांना दुसरीच एक गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, मी प्राण्यांची डॉक्टर आहे, पण एवढं मलाही कळतं, आजच्या आज घरी कळव. काल दोनदा फोन केला. तू कामावर जाताना फोन घरी ठेवतोस, दोन्ही वेळा बाबांनीच उचलला. संध्याकाळी तू असतोस, पण फोन स्पीकरवर आणि बाबा शेजारी. मामा उद्या सकाळी तुमच्याकडूनच जाणार आहेत, म्हणून हे पत्र.

तर दादा, नोंद अशी. मागच्या महिन्याची बारा तारीख, सकाळी साडेदहा, मी सुट्टीला घरी आलेली, तू कामावर. बाबा ओट्याजवळ पडले. डाव्या हातात कप धरवेना, तोंड एका बाजूला ओढलेलं, जीभ जड. दहा मिनिटांनी सगळं जागच्या जागी. मग हसले आणि म्हणाले, दादाला बोललीस तर याद राख, तो मला खुर्चीला बांधून ठेवेल. मी त्यांना उठवून बसवलं, चहा दिला, फुटलेला कप कागदात गुंडाळून लांबच्या कचरापेटीत टाकला आणि दुपारची बस पकडली. बसमधून तुला कळवलं, बाबा ठणठणीत. मला वाटलं, त्यांच्या मनासारखं केलं. आज अर्धी सुट्टी टाक आणि त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे ने. वरची नोंद डॉक्टरांना जशीच्या तशी वाचून दाखव. बाबा ओरडले तर माझं नाव सांग. रविवारी मी येतेच आहे, आणि या वेळी परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझीच,
भिंगरी